कोरल-फोटोशॉपच्या डेस्कटॉपला रॅम वाढवताना: किती, कोणती आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी फ्लेक्स डिझाइन आणि लग्नपत्रिकांचे दुकान. २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप: इंटेल आय५-६५०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडून मोठा फ्लेक्स घेतला की मशीन हँग होते. कॉम्प्युटरवाला म्हणतो, १६ जीबीची ३२०० मेगाहर्ट्झची लाइटवाली गेमिंग रॅम टाका. मित्र म्हणतो, वेगळ्या कंपनीची रॅम लावली तर मदरबोर्ड जातो. आणखी एक जण म्हणतो, नवाच घ्या. कोणाचे ऐकायचे?

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या बोर्डावर रॅम वाढवता येते. वेगळ्या कंपनीची चालते, त्याने मदरबोर्ड जात नाही. लाइट आणि ३२०० या दोन गोष्टींसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, कारण तुमचा प्रोसेसर रॅम २१३३ च्या वर चालवतच नाही. पैसे घालायचे ते जीबीत. मात्र बाजारात जाण्याआधी एक दिवस मशीनचे माप घ्या. हार्डवेअरच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते, की लोक रॅम टाकून घेतात, हजारो रुपये जातात आणि मशीन होते तसेच राहते, कारण दुखणे दुसरीकडेच असते.

माप घ्यायला कामाच्या गर्दीचा दिवस निवडा. कोरल, फोटोशॉप, व्हॉट्सॲप वेब, जे रोज उघडे असते ते सगळे उघडा आणि ज्या फाइलला मशीन अडकते तीच फाइल घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर येतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडा. बहुतेक जण ‘इन यूज’ वाचून थांबतात. तुम्ही त्याच्या खालचा ‘कमिटेड’ हा आकडा बघा. तो दोन भागांत असतो, उदाहरणार्थ १३.१/१७.५. पहिला भाग म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने कबूल केलेली मेमरी. तुमच्याकडे रॅम आहे ८ जीबी. कबूल केलेली सगळीच मेमरी प्रत्येक क्षणी वापरात नसते, हे खरे. पण हा आकडा ८ च्या बराच वर गेला तर उरलेला भार हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलवर जातो, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते त्या जागेवर. त्याच वेळी डावीकडे ‘डिस्क’समोर शंभर टक्के दिसत असेल आणि माउस तुटक-तुटक सरकत असेल, तर रॅमच कमी पडते आहे, याबद्दल शंका ठेवू नका.

उलट, कमिटेड सहा-साडेसहावरच राहते आणि तरी मशीन रखडते, असे दिसले तर रॅम घेऊ नका. तो त्रास हार्ड डिस्कचा आहे. त्याला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपवर चालणारी डिस्क लागते.

‘अव्हेलेबल’ कमी दिसते म्हणून घाबरायचे कारण नाही. विंडोज रिकाम्या रॅममध्ये वापरलेल्या फाइल जपून ठेवते, ते ‘कॅश्ड’मध्ये दिसते, आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडते. रॅम मोकळी करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर ही जपलेली सामग्रीच हाकलून देतात. नंतर तीच फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. अशी सॉफ्टवेअर असतील तर काढून टाका.

फोटोशॉपमध्ये आणखी एक नेमके माप आहे. खिडकीच्या तळाशी फाइलचा आकार दिसतो, त्याशेजारच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. १०० टक्के म्हणजे सगळे काम रॅममध्ये चालले आहे. आकडा १०० च्या खाली उतरला की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत लिहू लागले आहे. हार्ड डिस्कच्या मशीनवर हा आकडा ७०-८० वर आला तर ब्रश मारल्यावर रेघ उमटायला वाट बघावी लागते. काम करता करता या आकड्यावर नजर ठेवा. किती रॅम हवी हे तो कोणत्याही कॉम्प्युटरवाल्यापेक्षा खरे सांगतो.

आता तुमच्या कामाचा हिशेब करू, कारण फ्लेक्सचे गणित घरच्या कॉम्प्युटरसारखे नाही. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, घेतला तर रुंदी १७,२८० पिक्सेल आणि उंची ८,६४०. गुणाकार जवळजवळ १५ कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके मोडमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे नुसता एक सपाट थर सुमारे ५७० एमबीचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पंचवीस-तीस फोटो असतात, प्रत्येकाला शॅडो, आउटलाइन, मागे ग्रेडियंट आणि टेक्स्चर. पूर्ण आकाराचे चार-पाच थर झाले की दोन-अडीच जीबी तिथेच गेले, आणि ‘हिस्ट्री’मधली प्रत्येक मोठी पायरी आपला वाटा वेगळा घेते. विंडोज स्वतः दोन-अडीच जीबी धरून बसते, ब्राउझर एक-दीड. ८ जीबीत हे बसत नाही.

पण हाच फ्लेक्स कोणी ३०० डीपीआयला उघडला तर? ७२,००० बाय ३६,००० पिक्सेल. एकच थर जवळजवळ १० जीबीचा. त्याला ३२ जीबी रॅमही पुरणार नाही, आणि पीएसडी फाइलची मर्यादा एका बाजूला ३०,००० पिक्सेलची असल्याने ती फाइल पीएसडीत सेव्हही होणार नाही. नवीन मुले पत्रिकेच्या सवयीने फ्लेक्सलाही ३०० टाकतात. रॅम घेण्याआधी आपल्या जुन्या टेम्प्लेट उघडून ‘इमेज साइज’ तपासा. चौकात उंचावर लागणाऱ्या बॅनरला छपाईच्या आकारात २५ ते ४० डीपीआय पुरते. दुकानाच्या दारात, हाताच्या अंतरावरून वाचायच्या फलकाला ७२ ते १०० ठेवा. आणि एक गैरसमज: फुटांऐवजी इंचांत डिझाइन केले की फाइल आपोआप हलकी होते, असे नाही. २४ बाय १२ इंच ७२० डीपीआयला घेतले तर पिक्सेल तेवढेच, रॅमही तेवढीच. मेमरीला फक्त पिक्सेल मोजता येतात.

दुसरी तपासणी सॉफ्टवेअरची. तुमचे कोरल कोणते आहे? गावोगावी अजून एक्स३ आणि एक्स५ जोरात चालतात. ती ३२-बिटची आहेत. मशीनमध्ये ६४ जीबी घातली तरी असा एक प्रोग्रॅम २ जीबीच्या, फार तर ४ जीबीच्या पलीकडे हात घालू शकत नाही. कोरल ६४-बिटमध्ये आले ते एक्स६ पासून, २०१२ मध्ये. विंडोजवरचे फोटोशॉप सीएस४ पासून, म्हणजे २००८ पासून ६४-बिटमध्ये मिळते. फोटोशॉप ७ अर्थातच ३२-बिट. तेव्हा एक्स३ मध्ये जड फाइलवर ‘आउट ऑफ मेमरी’ येत असेल तर तो संदेश रॅम वाढवल्यावरही येणारच. रॅम वाढल्याचा फायदा एवढाच, की कोरल आणि फोटोशॉप शेजारी-शेजारी मोकळेपणाने चालतील.

विंडोजचेही तेच. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘सिस्टिम टाइप’ वाचा. जुन्या डोंगलसाठी (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी पोर्टमधली चावी) किंवा कटिंग प्लॉटरच्या ड्रायव्हरसाठी काही दुकानांत मुद्दाम ३२-बिट विंडोज ठेवलेले असते. त्यात ८ पैकी सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरायला मिळते. तुमच्याकडे तसे निघाले तर रॅम विकत न घेताच मेमरी दुपटीहून जास्त होईल, फक्त ६४-बिट विंडोज नव्याने टाकावे लागेल. त्याआधी फॉन्ट, ब्रश आणि टेम्प्लेटचा बॅकअप घ्या, आणि डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा.

एवढे पाहून रॅमच कमी आहे हे नक्की झाले, की मग कोणती घ्यायची ते ठरवा.

पहिली गोष्ट प्रकार. सहाव्या पिढीच्या इंटेलबरोबर एक सापळा आहे: एच११० बोर्डांची काही मॉडेल डीडीआर४ ची होती, तर काही डीडीआर३ ची. बिलावर नुसते ‘८ जीबी रॅम’ लिहिलेले असते. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्पीड’ २१३३ दिसला तर डीडीआर४. १३३३ किंवा १६०० दिसला तर बहुधा डीडीआर३. खात्रीसाठी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, त्याच्या ‘मेमरी’ टॅबमध्ये प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. ती जोर लावून बसवायचा प्रयत्न केला तर स्लॉट फुटतो. पुढे बारावी ते चौदावी पिढी घेणाऱ्यांनाही हेच लक्षात ठेवावे लागेल, त्या बोर्डांतही डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन गट आहेत.

मग स्टिकर. कॅबिनेट उघडून सध्याच्या स्टिकचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर साधारण असे काहीतरी असते: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए१. ८ जीबी म्हणजे क्षमता. १आर म्हणजे एक रँक, चिपचा एकच गट, आणि एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट रुंद. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा स्पीड. त्यानंतरच्या तुकड्यातले पहिले अक्षर तुमच्यासाठी फार महत्त्वाचे. ‘यू’ असेल तर ती साधी डेस्कटॉपची रॅम. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम. ‘आर’ असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ही शेवटची डीडीआर४ स्लॉटमध्ये बरोबर बसते, खाचही जुळते, पण तुमच्या बोर्डावर डिस्प्ले येणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला सर्व्हरमधून निघालेल्या अशा रॅम स्वस्तात दिसतात आणि लांबून गेलेला माणूस खुशीत घेऊन येतो. पैसे देण्याआधी ते अक्षर वाचा.

डीडीआर३ वाल्यांसाठी वेगळा इशारा. ८ जीबीच्या काही अनब्रँडेड स्टिक बाजारभावाच्या निम्म्यात मिळतात आणि वर्णनात बारीक अक्षरांत ‘ओन्ली फॉर एएमडी’ असते. त्यांच्या चिपची आतली मांडणी वेगळी असते, आणि इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत.

स्पीडचे एकदा स्पष्ट सांगतो. आय५-६५०० डीडीआर४ ला २१३३ पर्यंतच चालवतो. ३२०० ची स्टिक लावली तरी बिघडत काही नाही. प्रत्येक स्टिकच्या एका छोट्या चिपमध्ये तिच्या कमी स्पीडची कोष्टके साठवलेली असतात, बोर्ड त्यातून आपल्याला झेपणारे निवडतो. जुनी २१३३ आणि नवी ३२०० असल्या तर दोन्ही २१३३ वर चालतील. नवीन मालात आता बहुतेक ३२०० च मिळते, तेव्हा तीच मिळाली तर घ्या. जास्त पैसे मात्र मोजायचे नाहीत. उंच हीटसिंकवाल्या गेमिंग रॅमची आणखी एक अडचण असते: लहान बोर्डावर प्रोसेसरचा पंखा रॅमला खेटून असतो आणि हीटसिंक त्याला अडते. २१३३ वर १.२ व्होल्टला चालणाऱ्या रॅमला हीटसिंकची गरजही नसते.

कंपनीचे फार मनावर घेऊ नका. जगात रॅमच्या चिप मुख्यत्वे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या असतात. बाकीचे बरेच ब्रँड त्यांच्याच चिप आपल्या पट्टीवर लावून विकतात. दोन कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालवणारी असंख्य मशीन माझ्या हाताखालून गेली आहेत. क्वचित जोडी जमत नाही, म्हणून ‘चालली नाही तर परत घ्याल’ एवढी बोली दुकानदाराशी आधी करून ठेवा.

आता किती जीबी? तुमच्या बोर्डावर दोनच स्लॉट आहेत आणि कमाल ३२ जीबी. एच११० मध्ये प्रत्येक स्लॉट हा स्वतंत्र चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारी वेगळी वाट असतो. सध्या एकच स्टिक असल्याने प्रोसेसर एकाच चॅनेलवरून मेमरी ओढतो: २१३३ ला सेकंदाला सुमारे १७ जीबी. दुसरा स्लॉट भरला की दोन्ही चॅनेल एकदम चालतात आणि हा आकडा ३४ वर जातो. तुमच्या मशीनला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, त्यामुळे झूम आणि स्क्रोलमध्येही फरक जाणवेल.

सोपा मार्ग म्हणजे आणखी एक ८ जीबी, एकूण १६. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लहान बॅनर हे मुख्य काम असेल तर एवढे पुरेसे आहे. पण मोठे फ्लेक्स रोजचे असतील तर माझा सल्ला वेगळा: १६ जीबीची एक स्टिक घ्या आणि जुनी ८ जीबी तशीच ठेवा. एकूण २४. विषम जोडी लावली की ड्युअल चॅनेल बंद पडते असे सांगणारे भेटतील. इंटेलवर तसे होत नाही. जुनीचे ८ आणि नवीचे पहिले ८ मिळून १६ जीबी दोन्ही चॅनेलवर चालतात, फक्त उरलेले ८ एका चॅनेलवर. पुढे कधी गरज वाटली तर जुनी ८ काढून दुसरी १६ टाका, काही वाया जात नाही. आज ८ घेतली आणि वर्षाने ३२ करावेसे वाटले, तर दोन्ही स्टिक काढून ठेवाव्या लागतील.

१६ जीबीची घेताना चिप मोजा. जुन्या पद्धतीच्या १६ जीबी स्टिकवर दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असतात आणि स्टिकरवर २आरएक्स८ लिहिलेले असते. या ८ गिगाबिटच्या चिप. सहाव्या पिढीच्या बोर्डासाठी याच सर्वांत भरवशाच्या. हल्ली येणाऱ्या पुष्कळ स्टिकवर एकाच बाजूला आठ चिप असतात, १आरएक्स८, प्रत्येकी १६ गिगाबिटची. त्या जुन्या बोर्डावर कधी चालतात, कधी अडतात. निवड असेल तर दोन्ही बाजूंनी भरलेली घ्या.

भावाबद्दल. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम चांगलीच महागली. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे, कारखाने तिकडचा माल आधी काढतात, आणि डीडीआर४ चे उत्पादन तर कंपन्या आधीपासूनच आवरते घेत होत्या. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी मी सेकंड हँड रॅमला नाही म्हणत नाही. रॅममध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो. चांगली स्टिक पंधरा वर्षेही चालते. कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेल्या डेल, एचपी, लेनोव्होच्या डेस्कटॉपमधल्या साध्या हिरव्या पट्ट्या, सॅमसंग किंवा हायनिक्सचे मूळ स्टिकर असलेल्या, मला अनब्रँडेड नव्या रॅमपेक्षा जास्त पसंत आहेत. घेताना स्टिकर पुसट किंवा दोनदा चिकटवलेला नाही ना, सोनेरी टोकांवर जळाल्याचा काळा डाग नाही ना, कडेचे चिकटवलेले बारीक भाग (एसएमडी) उडालेले नाहीत ना, हे उजेडात धरून पाहा. महिनाभराची तरी तोंडी गॅरंटी मागा.

बसवण्याचे काम तुम्ही स्वतः करू शकता. विंडोज शटडाउन करा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि केबल कॅबिनेटमधून काढा. बटण बंद करून केबल तशीच ठेवू नका. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या आत इनपुटला फिल्टरचे कपॅसिटर असतात. दुकानाला अर्थिंग नीट नसेल तर त्यांच्यातून कॅबिनेटच्या पत्र्यावर जवळजवळ निम्मे व्होल्टेज येऊन बसते. उघड्या पायांनी पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या याच. करंट अगदी थोडा असतो, पण रॅमची चिप बिघडवायला तेवढा पुरतो. तुमच्याकडे अशा झिणझिण्या येत असतील तर रॅमच्या आधी अर्थिंग करून घ्या, प्रिंटरच्या यूएसबी पोर्टलाही त्याचाच त्रास होत असणार. केबल काढल्यावर पॉवरचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, उरलेला चार्ज उतरतो. मग कॅबिनेटच्या आतल्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि कामाला लागा. सिंथेटिक शर्ट आणि प्लास्टिकची खुर्ची टाळा, विशेषतः हिवाळ्यात.

आधी ब्लोअर मारून धूळ काढा. रिकाम्या स्लॉटमध्ये नऊ वर्षांची धूळ दाबून बसलेली असते; स्टिक त्यावर खुपसली तर ती धूळ थेट संपर्काच्या पिनांवर जाते. जुनी स्टिकही बाहेर काढा, तिची सोनेरी टोके पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलकेच घासा आणि चुरा स्लॉटपासून दूर झटका. शाईचे खरखरीत खोडरबर वापरू नका, ते सोन्याचा थर काढते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर उत्तम. कोकणात पावसाळ्यानंतर ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून येणारी कितीतरी मशीन एवढ्यानेच सुरू होतात.

स्लॉटची क्लिप बाहेरच्या बाजूला उघडा. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते, दुसरे टोक पक्के. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा. खाच बरोबर मध्यावर नसते, त्यामुळे एकाच बाजूने बसते. स्टिक सरळ उभी धरा, दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवा आणि सारखा जोर द्या. पहिल्यांदा बसवणाऱ्याला वाटते त्यापेक्षा जास्त जोर लागतो, बोर्ड किंचित वाकल्यासारखा दिसतो. क्लिप आपणहून आत येऊन ‘टक’ असा आवाज झाला म्हणजे बसली. हाताने क्लिप ओढून लावावी लागली तर ती अर्धवट बसली आहे असे समजा, काढा आणि पुन्हा लावा. सोनेरी टोकांची रेघ स्लॉटच्या वर कुठे तिरकी दिसता कामा नये. ज्यांच्या बोर्डावर चार स्लॉट आहेत त्यांनी दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात, बहुतेक नव्या बोर्डांची रचना तशी असते. मॅन्युअल असेल तर त्यात बघून घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही सेकंद काळी राहील, कदाचित मशीन एकदोनदा आपणच बंद-चालू होईल. बोर्ड नवी रॅम तपासून घेत असतो, त्याला मध्येच बंद करू नका. मिनिटभरानेही काही आले नाही किंवा बीप वाजत राहिला, तर केबल काढून फक्त नवी स्टिक जुनीच्या स्लॉटमध्ये लावून बघा. चालली तर स्टिक चांगली; मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दोन स्टिक आणि दोन स्लॉट, चारही जोड्या अशा तपासल्या की दोष कुठे आहे हे अंदाजावर राहत नाही. सुट्या-सुट्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत असे झाले, तर बोर्डाचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून परत लावा, बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमची जुनी सेटिंग पुसली जातात. दुसऱ्या स्लॉटमध्ये कोणतीच स्टिक चालत नसेल तर दोष बहुधा रॅमचा नसतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असते किंवा प्रोसेसरच्या पंख्याच्या स्क्रूचा दाब एकाच बाजूला पडलेला असतो. ते काम मात्र कारागिराकडे द्या.

डिस्प्ले आला, पण विंडोजमध्ये २४ ऐवजी ८ किंवा १६ च वापरायला मिळते? टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ किती आहे ते पाहा. तो आकडा जीबींमध्ये गेला असेल तर एमएसकॉन्फिग उघडा, ‘बूट’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’ची खूण कोणी लावली असेल तर काढा. वेग वाढवायच्या युक्त्या म्हणून व्हिडिओ बघून ती लावलेली असते, आणि ती मेमरी कमीच करते.

सगळे बरोबर दिसले तरी त्या रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून लावून ठेवा. सेकंड हँड घेतली असेल तर हे टाळूच नका. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. ‘दोनच एरर आल्या’ असे नसते. एक आली तरी स्टिक परत करा. खराब रॅम मशीन बंद पाडतेच असे नाही, ती सेव्ह होणाऱ्या फाइलमध्ये चुका घालते. महिनाभराने ग्राहकाची फाइल उघडत नाही तेव्हा कोणाला रॅमची आठवण येत नाही.

रॅम बसल्यावर फोटोशॉपच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा. तिथे मेमरीचा वाटा साधारण ७० टक्के असतो. कोरलही सोबत चालते, म्हणून २४ जीबीवर तो ६०-६५ ठेवा. मोठ्या फ्लेक्सला हिस्ट्रीच्या पायऱ्या २० पर्यंत उतरवा. आणि जमले तर २५६ किंवा ५१२ जीबीची साधी साटा एसएसडी याच वेळी टाका. विंडोज आणि स्क्रॅच डिस्क तिच्यावर, जुने काम हार्ड डिस्कवर. बजेट एकाच गोष्टीचे असेल आणि कमिटेडचा आकडा १० च्या आत असेल, तर मी रॅमच्या आधी एसएसडी घ्या म्हणेन. १२ च्या वर असेल तर रॅम आधी.

राहिला प्रश्न नव्या मशीनचा. आय५-६५०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या मशीनवर मी एक १६ जीबी स्टिक आणि एक एसएसडी यापलीकडे खर्च करणार नाही. ग्राफिक्स कार्ड, आय७ वगैरे इथे टाकू नका. तेवढ्यात तुमचे काम एक-दोन हंगाम नीट निघेल. एसएसडी पुढच्या मशीनलाही लागेल. रॅम मात्र बोर्ड डीडीआर४ चा घेतलात तरच पुढे वापरता येईल, हे नवा बोर्ड ठरवताना हिशेबात धरा. डीडीआर५ कडे गेलात तर सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या, ८ च्या चार घेऊ नका: रायझन ७००० प्रोसेसरवर दोन स्टिक ५२०० ला चालतात, चार लावल्या की एएमडीच्या अधिकृत यादीप्रमाणे ३६०० वर येतात. आणि त्या मशीनला पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे स्क्रीन काळीच राहिली, तर घाबरून बटण दाबू नका.